बाळाच्या मेंदूसाठी गरोदरपणात काय करावे आणि केव्हा करावे

खान्देशात दिवस गेल्याची बातमी तिसरा महिना सरेपर्यंत सहसा घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. दृष्ट लागू नये, काही विपरीत घडू नये, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. परंतु तोपर्यंत बाळाच्या मेंदूचे पहिले मोठे काम उरकलेले असते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते, आणि त्या दिवशी बहुतेक स्त्रियांची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून काय खावे यापेक्षा कोणती गोष्ट कोणत्या आठवड्यात करावी हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे. चोपडा तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काम करताना मी गरोदर स्त्रियांची जी तपासणी-कार्डे पाहिली, त्यांतील बऱ्याच चुका अज्ञानाच्या नव्हत्या, उशिराच्या होत्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुलाची बुद्धी आनुवंशिकता, घरातील बोलणे-चालणे, शाळा आणि पहिल्या काही वर्षांचे पोषण अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि गरोदरपणात केशर-बदाम खाऊन ती वाढवता येत नाही. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला होता. त्या काळात गर्भात असलेल्या मुलग्यांची पुढे एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या वेळी बुद्धिचाचणी झाली, तेव्हा त्यांची बुद्धी इतरांपेक्षा कमी आढळली नाही. मात्र दुष्काळाच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्यांमध्ये मज्जानलिकेचे दोष आणि पुढील आयुष्यात स्किझोफ्रेनिया यांचे प्रमाण वाढलेले दिसले. यावरून मला असे दिसते की, अन्न कमी पडले तरी गर्भ मेंदूचा वाटा बराचसा राखून ठेवतो, परंतु फोलेट (गोळीच्या रूपात फोलिक ॲसिड), आयोडीन, लोह यांसारखा एखादा विशिष्ट घटक नेमक्या वेळी मिळालाच नाही तर त्याची भरपाई त्याला दुसरीकडून करता येत नाही. गरोदरपणातील काळजीचा उद्देश मुलाला हुशार करणे हा नसून, जे नुकसान टळू शकते ते टाळणे हा आहे.

पाळी चुकण्यापूर्वी

मूल हवे असे ठरल्यापासून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावी. ही गोळी उपकेंद्रात विनामूल्य मिळते. पाळी चुकल्यावर सुरू केली तरी ती घ्यावीच; परंतु तिचा खरा उपयोग आधीपासून घेण्यात आहे. पूर्वीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असल्यास, किंवा स्त्रीला मधुमेह अथवा फिट्सचा आजार असल्यास, मात्रा किती असावी हे डॉक्टरच ठरवतील. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध विशेष लक्षात ठेवावे, कारण गर्भावस्थेत हे औषध मिळालेल्या मुलांची बुद्धिचाचणी सहाव्या वर्षी इतर औषधे मिळालेल्या मुलांपेक्षा कमी आल्याचे पाहण्यात आले आहे. तरीही ते स्वतःहून बंद करू नये, कारण झटका आल्यास आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. औषध बदलायचे असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, गर्भधारणेपूर्वीच बदलून घ्यावे.

दुसरा मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा आहे. आपल्याकडील माळकरी, महानुभावी आणि जैन घरांत मांसाहार नसतो आणि दूधही बहुधा चहापुरतेच येते, त्यामुळे ही उणीव सर्रास आढळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला. त्यातील ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांची नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याची क्षमता आणि अल्पकालीन स्मरणशक्ती तुलनेने कमी भरली. आपल्याच राज्यातील शेतकरी घरांमध्ये झालेला हा अभ्यास असल्यामुळे मी त्याला अधिक वजन देते. शाकाहारी घरात रोज दही, ताक आणि पेलाभर दूध गरोदर स्त्रीच्या वाट्याला यावे, अंडी चालत असल्यास ती द्यावीत, आणि रक्ततपासणीत उणीव आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे.

नंदुरबार जिल्ह्यातील आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतील भिल्ल, पावरा, गावित, कोकणा कुटुंबांसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी लग्नापूर्वी किंवा निदान पहिल्या भेटीत होणे अत्यावश्यक आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि आजार असलेल्या मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाह कधी कधी कोणतेही लक्षण न दाखवता अडतो, ज्याचा परिणाम पुढे शिकण्यावर होतो. स्त्री वाहक निघाली की त्याच आठवड्यात पतीचीही तपासणी करावी. पतीने येण्यास टाळाटाळ करणे हा आमच्या कामातील नेहमीचा अनुभव होता. स्वतः स्त्रीला सिकलसेल आजार असेल तर लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू न करता डॉक्टरांना विचाराव्यात.

मिठाची बरणी

थायरॉइड ग्रंथीचा स्राव बाळाच्या मेंदूतील पेशींच्या वाढीला आणि त्यांच्या आपापल्या जागी पोहोचण्याला लागतो, आणि पहिले चार-साडेचार महिने हा स्राव बाळाला बहुतांशी आईकडूनच मिळतो. तो तयार होण्यासाठी आयोडीन हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आयोडीनयुक्त मीठ हाच आहे, आणि बहुतेक घरांत ते असतेही. अडचण ते ठेवण्याच्या पद्धतीत असते. चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी उघड्या मातीच्या वाडग्यात ठेवलेल्या मिठातील आयोडीन उष्णतेने आणि ओलाव्याने उडत जाते. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि भाजी-वरण शिजत आल्यावर घालावे. लोणच्यासाठी आणलेले खडेमीठ आयोडीनयुक्त नसेल तर ते लोणच्यापुरतेच वापरावे. रोजच्या भाकरीच्या पिठात तेच पडत असेल तर आयोडीन पोटात जात नाही. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले असल्यास मीठ कमीच करावे, परंतु जे वापरावे ते आयोडीनयुक्त असावे.

पहिल्या भेटीतच टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचे काम दाखवणारी, रक्ततपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. घरात थायरॉइडचा आजार असेल, पूर्वी गर्भपात झाला असेल किंवा गळ्याला सूज असेल तर ती चुकवू नये. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या स्त्रीने पाळी चुकताच डॉक्टरांकडे जावे, कारण गरोदरपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी.

लोहाची गोळी डब्यात नव्हे, पोटात

लोहाबद्दल मी सर्वांत अधिक लिहिणार आहे, कारण खान्देशातील घरांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदरपणात तो रक्तक्षय मानला जातो. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. मेंदूतील तंतूंवर जे आवरण चढते त्याला आणि पेशींमधील संदेश वाहणाऱ्या रसायनांना लोह लागते. बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेते आणि जन्मानंतरचे पहिले सहा महिने, म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने वाढत असताना, त्याच साठ्यावर काढते. आईच्या रक्तातच लोह नसेल तर बाळ त्या सहा महिन्यांत अपुऱ्या शिदोरीनिशी प्रवेश करते.

एका घरात सात महिन्यांच्या सुनेचे हिमोग्लोबिन ८.४ आले. कार्डावर नव्वद गोळ्या दिल्याची नोंद होती. मी विचारले तेव्हा सासूबाईंनी मागच्या खोलीतून तूरडाळीचा डबा आणला, डाळीत हात घातला आणि लाल गोळ्यांच्या अखंड पट्ट्या एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या. "आमना येळले कोनी खाद्यात गोया?" (आमच्या वेळी कोणी खाल्ल्या गोळ्या?) असे त्या म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात खरे कारण सांगितले: गोळ्यांनी बाळ काळे होते आणि पोटात मोठे होऊन अडते. सुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मी त्यांना आतला पांढुरका रंग दाखवला, मग त्यांची स्वतःची पापणी आरशात दाखवली. त्यानंतर रोज रात्री गोळी देण्याचे काम मी त्यांच्याकडेच सोपवले, आणि पुढच्या महिन्यात डाळीच्या डब्यात पट्टी नव्हती. ज्या घरात स्वयंपाकघराची सत्ता सासूबाईंकडे असते, तेथे एकट्या सुनेला समजावून काही उपयोग होत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

गोळीने बाळाचा रंग बदलत नाही. शौचाचा रंग काळा होतो आणि ते अपेक्षितच आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असलेली लाल गोळी १८० दिवस घ्यावी. मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घ्यावी, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. चहा गोळीपासून आणि जेवणापासून किमान एक तास दूर ठेवावा, कारण चहातील टॅनिन लोहाला आतड्यातच अडवते. भाकरीसोबत कोरा चहा पिण्याची सवय असलेल्या घरांत ही एवढी एक गोष्ट बदलली तरी फरक पडतो. कॅल्शियमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा घ्यायची असते, ती लोहाच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नये. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत, लोह रात्री, अशी विभागणी सोपी पडते. जंताची अल्बेंडाझोलची गोळी चौथ्या महिन्यानंतर एकदाच, आरोग्यसेविकेसमोर घ्यावी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर मात्रा दुप्पट करावी लागते आणि महिन्याने पुन्हा तपासावे लागते. महिन्यात एक ग्रॅमनेही वाढ झाली नाही, किंवा शेवटचे महिने लागले असूनही आकडा खालीच आहे, तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारावे. सातच्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ताटात काय असावे

बाळ लहान राहिले तर बाळंतपण सोपे होईल या समजुतीने सातव्या महिन्यापासून सुनेचे जेवण कमी करणारी घरे अजूनही आहेत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जन्मतःच ऊब टिकवण्यात, दूध ओढण्यात आणि रक्तातील साखर राखण्यात अडचण येते, आणि यांतील प्रत्येक अडचण मेंदूपर्यंत पोहोचते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला दिवसाला ३५० उष्मांक जादा लागतात, आणि प्रथिने चौथ्या ते सहाव्या महिन्यांत साडेनऊ ग्रॅम, तर शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जादा लागतात. "दोन जिवांची आहे, दुप्पट खा" हे त्यामुळे खरे नाही. एक जादा भाकरी, एक जादा वाटी घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात बरेचसे भागते.

त्यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. दादर ज्वारीची किंवा उडीद मिसळून दळलेली कळण्याची भाकरी, सोबत मेथी, अंबाडी किंवा शेपूची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबाची फोड आणि वाटीभर दही हे ताट पावडरच्या डब्यांपेक्षा सरस आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात केळ्यावर फार विश्वास असतो. केळ्यातून ऊर्जा मिळते, परंतु लोह फारसे मिळत नाही, तेव्हा ते जोडीला असावे, जेवणाऐवजी नव्हे. आदिवासी क्षेत्रातील अंगणवाडीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर स्त्रियांना आणि बाळंतिणींना एक वेळचे गरम जेवण मिळते. ते तेथेच बसून जेवावे, घरी नेले की त्याचे वाटे पडतात.

शेत, धूर, मिशरी आणि ऊन

कापसावरील फवारणीबद्दल फारसे बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे थांबते. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे आढळले की, गरोदरपणात ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांशी अधिक संबंध आलेल्या मातांच्या मुलांचे बुद्ध्यंक सात वर्षांच्या आसपास तुलनेने कमी होते. त्या गटातील क्लोरपायरीफॉस आपल्याकडेही वापरले जाते. गरोदर स्त्रीने औषध कालवू नये, पंप भरू नये, नुकत्याच फवारलेल्या शेतात निंदणी किंवा वेचणीला जाऊ नये. फवारणीहून आलेल्या माणसाने घरात शिरण्यापूर्वी आंघोळ करावी आणि त्याचे कपडे त्याने स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत, कारण ते काम नेमके घरातील गरोदर स्त्रीकडेच येते. रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नये.

दात घासण्यासाठी लावलेली मिशरी हे व्यसन मानले जात नाही, तरी ती भाजलेली तंबाखूच असते, आणि निकोटिनमुळे वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. मोहाची असो वा दुकानातील, गरोदरपणात दारूची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. सणाला घोटभर चालते हे मानू नये.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. तीव्र उष्णतेत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण वाढते, तर पस्तिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. प्रवास पहाटे करावा, अकरानंतर शेतात थांबू नये, ताक-पाणी दिवसभर घेत राहावे. माहेरी येताना माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत असावे. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला जाणाऱ्या कुटुंबांनीही कार्ड आणि किमान दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत न्याव्यात.

ज्या तपासण्या चुकवू नयेत

बाराव्या आठवड्याआधी नोंदणी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय केंद्रात डॉक्टर तपासतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त पाहिले जाते, त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. १४० किंवा त्याहून अधिक आल्यास तो गरोदरपणातील मधुमेह होय. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करावी. आईची साखर अनियंत्रित असेल तर जन्मानंतर बाळाची साखर अचानक उतरते आणि तेव्हा मेंदूला इजा होऊ शकते. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर सूज येणे, ताप, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ वर फोन करावा.

मनाबद्दल घरात कोणी विचारत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येणे, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे डोहाळे नव्हेत. "मुलगाच हवा" हा घरातील घोष मी अशा अनेक उदास डोळ्यांमागे पाहिला आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, त्यावर मराठीत बोलता येते. गर्भसंस्काराच्या महागड्या वर्गांविषयी इतकेच म्हणता येईल की, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येते आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. त्यासाठी आईने अहिराणीत गुणगुणलेली ओवीही पुरते.

प्रसूती आणि नंतर

जन्माच्या वेळी श्वास घेण्यास झालेला विलंब काही मिनिटांत मेंदूचे कायमचे नुकसान करू शकतो, म्हणून प्रसूती रुग्णालयातच व्हावी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील स्त्रियांनी तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहावे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्यास नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बाळ ठीक रडत असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी असे आधीच सांगून ठेवावे, कारण त्या मिनिटात जाणाऱ्या रक्तातून बाळाला लोहाचा साठा मिळतो. पहिल्या तासात अंगावर पाजावे आणि गुळाचे पाणी, मध किंवा घुटी देऊ नये.

बाळ घरी आले की साऱ्यांचे लक्ष पाळण्याकडे जाते आणि आईच्या गोळ्या बंद पडतात. लाल गोळी प्रसूतीनंतरही १८० दिवस आणि कॅल्शियम सहा महिने चालू ठेवायचे असते. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा ज्या फळीवर ठेवलेल्या असतात, त्याच फळीवर, डोळ्यांना दिसेल अशा जागी गोळ्यांची पट्टी ठेवावी, आणि तिच्यातील एक गोळी रोज रात्री कमी झाली आहे ना हे लाडू देणाऱ्या हातानेच पाहावे.